सेरवाचं झिजणं

"हे कापड मी तुझ्या मापाने बेतलं होतं की तुझ्या थोरल्या जावेच्या?" फ्रेमाने तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या आणि सेरवाच्या कमरेशी लोंबणारं काळ्या-पांढऱ्या नक्षीचं कापड मुठीत गोळा करून आरशात दाखवलं. "बघ, माझ्या मुठीत येतेस तू. माप मीच घेतलं होतं, याच टेपने. आता मी शिंपीण की चेटकीण?" मशिनवरच्या बायका पाय थांबवून हसल्या. कुमासीतली शिंपीण बाईच्या कपड्यात आतल्या बाजूला दोन बोटं कापड राखून ठेवते, कारण बाई भरत जाणार हे धरलेलंच असतं. लग्न झालं, भरली. मूल झालं, भरली. नवऱ्याला बढती मिळाली, आणखी भरली. उसवून मोठं करण्यात फ्रेमाचा जन्म गेला होता. आत घ्यायचं काम आलं की तिला ते अशुभ वाटे. "तुझा क्वाद्वो जेवायला घालतो ना गं? का मास्तरांचा सगळा पगार पुस्तकांत जातो?" तिने विचारलं, आणि मग हे कापड कशासाठी शिवायला घेतलंय ते तिला आठवलं असावं. शनिवारी सेरवाच्या आईचं वर्ष होतं. फ्रेमाचा आवाज एकदम खाली आला. टेप गळ्यात टाकून ती म्हणाली, "आईपायी झिजलीस गं. मुलगी असावी तर अशी." आणि सेरवाला, कुणाला सांगायची सोय नाही असं, बरं वाटलं.

बाहेर हार्मातानची धूळ होती. डिसेंबरात वाळवंटाकडून हा वारा सुटला की ओठ फुटतात, टाचा फुटतात, माणसं एकमेकांवर उगाच खेकसतात. सेरवाने फुटपाथवरच्या बाईकडून पाण्याची पिशवी घेतली, कोपरा दातांनी फाडला आणि उभ्या उभ्या रिकामी केली. मग आणखी एक. हार्मातानमध्ये तहान लागायचीच. पण पाण्याची पिशवी दातात धरलेली असताना तिला आठवलं, की पावसाळ्यातही ती अशीच पीत होती. तेव्हा म्हणत होती, उकाडा फार आहे. त्याच्या आधी म्हणत होती, रडणाऱ्या माणसाच्या घशाला कोरड पडते. पण ती रडली कुठे होती? आईच्या अंत्यविधीला मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, परगावाहून आलेल्यांची झोपायची सोय, हे सगळं पाहणारी तीच. भाऊ हंबरडा फोडून लोळला, बिरागो मावशी दोनदा बेशुद्ध पडली, आणि सेरवा कोरड्या डोळ्यांनी सोडा वाटत फिरत राहिली. लोक काय म्हणाले असतील ते म्हणाले असतील. तिला स्वतःलाच स्वतःची भीती वाटली होती. आई गेली आणि आपल्याला काहीच होत नाही, असं कसं? मग महिन्यादोन महिन्यांत अंग उतरू लागलं. पाय जड झाले, जिना चढताना थांबावंसं वाटू लागलं, दुपारी टेबलावर डोकं टेकलं की उचलवेना. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांनी केलं नाही ते अंग करतंय, असं तिला वाटलं. बिरागो मावशी, आईची धाकटी बहीण, सगळ्या नातलगांत सांगत सुटली, की तोंडाने रडणारे पुष्कळ बघितले, ही पोरगी हाडांनी रडतेय.

आणि आता फ्रेमाची ती मूठ. एवढीशी गोष्ट, पण ती घेऊन सेरवा टॅक्सीची वाट बघत उभी राहिली तेव्हा ती मूठ अजून कमरेपाशी असल्यासारखी वाटत होती. कंबर मोजणं हा तर तिचाच धंदा. इस्पितळामागच्या संशोधन विभागात पंधराएक वर्षं ती लोकांच्या कमरा मोजत होती, बोटातून आणि दंडातून रक्त काढत होती. साखर कुणाला होते, हृदय कुणाचं दगा देतं, हे ओळखायचे जे आकडे पुस्तकात होते ते भलत्याच लोकांच्या अंगावरून काढलेले. दूर थंडीच्या देशातल्या गोऱ्या माणसांच्या कमरा मोजून कुणी तरी रेघ मारली, आणि ती रेघ आक्रा-कुमासीच्या माणसांवर तशीच आणून ठेवली. ती बसत नव्हती. इथे भरल्या अंगाच्या बायका वर्षानुवर्षं ठणठणीत निघत आणि काटकुळ्या माणसांच्या रक्तात साखर सापडे. रक्तातली चरबी पुस्तकाप्रमाणे चांगली, म्हणून डॉक्टर पाठ थोपटून घरी पाठवी, आणि माणूस चार वर्षांनी अर्धं अंग लुळं पडून परत येई. हे सेरवाने दाखवून दिलं होतं. परदेशात जाऊन, कोट घालून, चित्रं दाखवून सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि रेघ जिथल्या तिथे राहिली होती. या सगळ्याचा तिला कंटाळा आला होता. आईच्या आधीपासून आला होता की नंतर, हे आता आठवत नव्हतं.

समजा अशी एखादी बाई तिच्या टेबलासमोर येऊन बसली असती, चाळिशी उलटलेली, वर्षभरात उतरलेली, तहानेली, पायांत गोळे येणारी, तर सेरवाने तिला नाव विचारायच्या आधी ओळखलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का? पण नाही, असं कसं होईल? कर्मचाऱ्यांच्या तपासणीच्या दिवशी तिने इतरांसारखंच रक्त दिलं होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती चाचणी चोख आली होती. टॅक्सीत मागच्या सीटवर, दोन बायका आणि एक कोंबड्यांची टोपली यांच्यामध्ये दबून बसलेली असताना तिने ही गोष्ट मनाशी दोनदा म्हटली. आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिला आपल्याच शोधनिबंधातलं एक वाक्य आठवलं. सिकलसेल या रक्तदोषाच्या वाहकांमध्ये ही चाचणी साखर असते त्याहून कमी दाखवू शकते. वाक्य तिनेच लिहिलं होतं. त्यावर सहकाऱ्याशी अर्धा दिवस वाद घातला होता, 'दाखवते' म्हणावं की 'दाखवू शकते'. आणि सेरवा स्वतः वाहक होती.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. कुमासीत कुणाला ठाऊक नसतं? लग्न ठरलं की पाद्री दोघांच्या रक्ताचे कागद मागतो. रक्तात सिकलचा अंश एकाच्याच असेल तर हरकत नाही. दोघांच्या असेल तर पोटी आजारी मूल येण्याचं भय, म्हणून पाद्री लग्न लावत नाही. सेरवाला ते दोन कागद आठवले, पाद्र्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले, वर पंख्याने उडू नयेत म्हणून ठेवलेला चष्मा. क्वाद्वोच्या आधी जो ठरला होता त्या याव अग्येकुमच्या कागदावर सिकलचा अंश सांगणारी तीच दोन अक्षरं होती, जी तिच्या कागदावर होती. चर्चबाहेरच्या बाकावर बसून यावने खिशातले शेंगदाणे सोलले, अर्धे तिला दिले, आणि सगळे खाऊन झाल्यावर म्हणाला, "चल, तुला टॅक्सीपर्यंत सोडतो." त्याने खरंच टॅक्सीपर्यंतच सोडलं. नंतर क्वाद्वो आला, त्याचं रक्त निर्मळ निघालं, पाद्र्याने हसून मान डोलावली, आणि त्या दिवसापासून आजतागायत सेरवाच्या रक्ताबद्दल कुणी ब्र काढला नाही. इथे कुणीच काढत नाही. ती अक्षरं लग्नापुरती असतात. लग्न लागलं किंवा मोडलं, की त्यांचं काम संपतं. हजारो बायकांच्या कागदांवर सेरवाने ती अक्षरं रक्ताची गोष्ट म्हणून वाचली. आपल्यापुरती मात्र ती एका माणसाचं नाव होती, आणि ते नाव घ्यायचं नाही असं तिने केव्हाच ठरवलं होतं. इतकी शिकलेली बाई अशी चूक करते. टॅक्सीतली कोंबडी टोपलीतून मान काढून तिच्याकडे बघत होती. सेरवाने डोळे मिटून घेतले.

घरी क्वाद्वो अंगणात बनियनवर उभा राहून फुफू कांडत होता. उकडलेल्या कसावा कंदाच्या गोळ्यावर मुसळ पडत होतं आणि मध्येच हात घालून तो गोळा उलटवीत होता. शेजारच्या बायका त्याला यावरून चिडवत, आणि तो म्हणे, शाळेत पोरांना बडवायची बंदी आहे, मग हात कुठे मोकळे करायचे? "तुझ्या मावशीचा फोन आला होता," तो म्हणाला. "शनिवारी लाउडस्पीकर चार हवेत म्हणाली. मी म्हटलं, मावशी, तुम्ही असताना लाउडस्पीकर कशाला?"

"चिडली असेल."

"हसली. मग म्हणाली, पोरीला मी उपाशी ठेवतो अशी गावात बोलवा आहे. मी म्हटलं, तुमची पोरगी एकटी दोघांचं खाते, जातं कुठे ते तिलाच विचारा." त्याने मुसळ थांबवलं. "कुठे जातं गं?"

"तुला काय करायचंय?"

"बायको आहेस म्हणून विचारलं. हवेत विरून गेलीस तर कपडे कुणाचे वाळत घालू?"

सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण तिने हात धुतले आणि वाटी पुढे केली. सूप गरम होतं, मासा ताजा होता, ती आधाशासारखी जेवली. शनिवार होऊन जाऊ दे, मग बघू, असं तिने ठरवलं. दोन दिवसांनी काय बिघडतंय? रुग्ण हेच म्हणतात तेव्हा ती त्यांच्यावर डाफरते, हेही तिला आठवलं. पण तिला साखरेची भीती वाटत नव्हती. तिच्याइतकी साखर कुणी बघितली होती? भीती वेगळी होती, आणि जेवून अंगणातल्या स्टुलावर बसल्यावर ती तिला स्वच्छ कळली. हे झिजणं साखरेचं असेल तर ते आईसाठीचं नव्हतं. मग आईसाठी आपण काय केलं? मांडव घातला, सोडा वाटला. वर्षभर ज्याला दुःख म्हणून अंगाखांद्यावर वागवलं, ते लघवीवाटे वाहून जाणारं गोड पाणी असेल, तर आपल्यापाशी दुःख म्हणून उरतं काय? माणसं आजार नको म्हणून देवाला हात जोडतात. सेरवाला त्या संध्याकाळी वाटत होतं, की आजार नसावा, नुसतं दुःखच असावं, मग त्याने आणखी झिजायला झालं तरी चालेल.

शुक्रवारी सकाळी ती चहासुद्धा न घेता निघाली. उशीर झालाय, असं क्वाद्वोला आणि स्वतःलाही सांगितलं. उशीर झालेला नव्हता. विभागाच्या व्हरांड्यात उपाशीपोटी बोलावलेल्या बायका बाकांवर बसल्या होत्या. काम नेहमीचंच. आधी रक्त घ्यायचं, मग ग्लासभर साखरेचं पाणी पाजायचं, दोन तास बसवून ठेवायचं आणि पुन्हा रक्त घ्यायचं. खातीपिती माणसं उपाशी बसली की काय बोलतात ते ऐकून ऐकून नर्स दुफिएचे कान किटले होते. त्या दिवशी बाजारात यामचे कंद विकणारी अक्या नावाची एक म्हातारी हटून बसली. रक्त दिलं, पण ग्लासाला हात लावेना.

"साधं साखरेचं पाणी आहे हो आजी," दुफिए म्हणाली.

"साखरेची परीक्षा घ्यायची आणि साखरच पाजायची? हे कुठलं शहाणपण?" म्हातारीने मान उडवली. "आणि मला सांग, ताडी ओतणारा आधी काय करतो? आधी स्वतः पितो. लोकांना दिसू दे की काही कालवलेलं नाही. तुम्ही कोट घातला म्हणून रीत सोडली का? ओतलीस ना, मग पी. नाहीतर त्या तुझ्या डॉक्टरणीला पाजव."

बाकावरच्या बायकांनी एकमुखाने होकार भरला. रीत खरी होती आणि नवीनही नव्हती. असं कुणी अडलं की सेरवा एका पेल्यात घोटभर ओतून घेई, पिऊन दाखवी आणि कामाला लागे. त्या दिवशीही दुफिएने छोटा पेला पुढे केला. सेरवाने तो घेतला नाही. तिने बाही वर केली, दंड पुढे करून दुफिएला म्हणाली, "आधी माझंही घे. मग ग्लास भर, पुरता भर." दुफिएची नजर सेरवाच्या गळ्याच्या हाडांकडे गेली आणि तिने सुई घेतली. सेरवाने ग्लास सगळ्यांसमोर रिकामा केला. गोडाने अंगावर शहारा आला. अक्या म्हातारी खूश झाली, तिनेही ग्लास तोंडाला लावला, आणि बाकावर सरकून सेरवाला जागा करून दिली. "बस माझ्यापाशी. डॉक्टरीण असलीस तरी पोट सारखंच."

ते दोन तास सेरवाला फार मोठे गेले. उठून काम करता येत नव्हतं. तोच नियम, जो ती बायकांना घालून देई. बाकाची फळी इतकी अरुंद आहे हे तिला पहिल्यांदा कळलं. समोरच्या भिंतीवर भाज्यांचं चित्र होतं, त्यातल्या अर्ध्या भाज्या कुमासीच्या बाजारात कधी कुणी पाहिलेल्या नव्हत्या. अक्या यामचे भाव, सुनेचा आळस, जावयाचा पाय यांबद्दल बोलत होती. आई असंच बोले, कापडाच्या ठेल्यावर पाय पसरून, गिऱ्हाईक असो की नसो. शेवटच्या वर्षांत तीही उतरली होती. सगळे म्हणाले, बाजाराने बाईला झिजवलं. मग एके सकाळी ठेल्यावरच कलंडली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब, मेंदूत रक्ताची गाठ. साखरेचा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण बाई काठीसारखी होती. सेरवाने हे तेव्हा विचारात घेतलं नव्हतं, आता घेतलं, आणि पुढे काही विचार करण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. दुफिएने दुसऱ्यांदा रक्त घेतलं. थोड्या वेळाने ती आत बोलवायच्या ऐवजी स्वतः बाहेर आली, सेरवाच्या शेजारी बसली आणि नुसता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. इथल्या मापात साखर अकराच्या पुढे गेली की निदान पक्कं मानायचं. दुफिए हलकेच म्हणाली, "एकोणीस." अक्याची साखर अगदी छान निघाली होती, आणि ती खायला काय मिळतंय म्हणून विचारत होती.

शनिवारी आईच्या गावी घराच्या अंगणात मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या, आणि लाउडस्पीकर चारच होते. सेरवा सैल कपड्यातच आली. रांगेत उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवत ती शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली तेव्हा दम लागला होता. कुणीतरी तिच्या हातात गोड माल्ट पेयाची गार बाटली दिली. क्वाद्वोने ती काढून घेतली आणि पाणी दिलं. त्याला तिने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "म्हणजे माझा फुफू वाया गेला," आणि मग आत जाऊन तोंड धुऊन आला होता. आता बिरागो मावशीने सेरवाचा दंड धरला आणि तिला रांगेरांगेतून फिरवायला सुरुवात केली. "बघा, ही माझ्या बहिणीची पोर. बघा हिचे हात. मुलगे नुसते ओरडतात. ही वर्षभर जळतेय." बायका हळहळत होत्या, कुणी तिच्या गालावरून हात फिरवत होतं. असं तीन-चार रांगा चाललं. सेरवा चालत राहिली, कारण थांबलं तर काहीतरी बोलावं लागेल हे तिला माहीत होतं. मग एका रांगेच्या टोकाला मावशीने पुन्हा तेच म्हणायला तोंड उघडलं आणि सेरवा म्हणाली, "मावशी, पुरे. हे दुःख नाही. मला साखर आहे."

मावशीचा हात दंडावरच राहिला. "साखर? वाळल्या चिपाडाला साखर?"

"वाळल्यालाच. काल कळलं. आईसाठी नाही झिजले मी. तू लोकांना खोटं सांगू नकोस."

मावशीने इकडेतिकडे पाहिलं, तिला ओढत मांडवाबाहेर, स्वयंपाकाच्या चुलींपाशी नेलं आणि एका उलट्या उखळावर बसवलं. सेरवाला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. मावशी मात्र उभीच राहिली. लाउडस्पीकरवर कुणी तरी भजन लावलं होतं. "साखर आली कुठून?" तिने विचारलं. "बापाकडून माणसाला जीव मिळतो, रक्त मिळतं ते आईकडून. हे तुला कुठल्या परदेशात शिकवलं नसेल, पण लहानपणी इथेच ऐकलंयस. तुझं रक्त तिचं. म्हणजे तिलाही होती?"

"असेल. तपासली नाही कुणी."

"आणि तिचं रक्त कुणाचं?"

सेरवाने समोर उभ्या असलेल्या आजीच्या दुसऱ्या मुलीकडे पाहिलं. मावशी दुसऱ्या उखळावर बसली, तिने पांढऱ्या कापडाचा काठ उचलला आणि वहाण काढली. तळव्याला मधोमध जखम होती, काळी, कडा उकललेली, त्यावर कसला तरी पाला थापलेला. "परवा तुमच्या सगळ्यांसाठी स्वयंपाक चालला होता," ती म्हणाली. मांडवातला तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी निखाऱ्यावर उभी होते. मला पायाला कळलं नाही गं. वास आला म्हणून खाली बघितलं."

सेरवा उखळावरून खाली उतरली, मातीत बसली आणि तो पाय तिने मांडीवर घेतला. पाला बाजूला केला, बोटाने कडा दाबून पाहिली, मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मावशीला पायात काहीच जाणवत नव्हतं. "आज इथून तू माझ्याबरोबर येतेस," सेरवा म्हणाली.

"आज वर्ष आहे तिचं. मी कशी येऊ?"

"तिच्यासाठीच ये." सेरवा म्हणाली. घसा कोरडा होता तसाच राहिला, पण डोळ्यांतून पाणी आलं, मग आवाज फुटला, आणि तो तिला आवरता आला नाही. दोन्ही हातांनी तो पाय धरून ती मोठ्याने रडत राहिली. मावशी घाबरून तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. मांडवाच्या कडेच्या बायका वळून बघू लागल्या. कुणी तरी म्हणालं, "रडू द्या, रडू द्या तिला. वर्षभर थांबली होती बिचारी." क्वाद्वोने मावशीचा पाय पाहिला आणि तो गाडी काढायला गेला.